हसण्याचं भाडं

कोजागिरीला कुणाला बोलवायचं, यावर आमच्या सांस्कृतिक समितीची बैठक बसली होती. बैठक म्हणजे नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टुलावर कोंडाजीचा चिवडा आणि ज्याच्या हातात कागद तो कार्यवाह. कागद माझ्या हातात होता. गाण्यांचा कार्यक्रम गेल्या वर्षी झालेला. कराओके नको, यावर मात्र चटकन एकमत झालं. आमच्या पहिल्या मजल्यावर एक स्वयंघोषित किशोरकुमार राहतात. मग कुणीतरी म्हणालं, विनोदी काहीतरी करू. पोरांनी लगेच मोबाइल काढून पुण्या-मुंबईचे दोनतीन स्टँडअपवाले दाखवले. त्यांचं मानधन खजिनदारांच्या कानावर गेलं आणि मोबाइल परत खिशात गेले. तेव्हा मी एक नाव सुचवलं. सिडकोत राहणारे, एकपात्री करणारे, मूळचे धुळ्याकडचे गृहस्थ. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने भुवया उंचावून विचारलं, “ते अजून आहेत?” सगळे खळखळून हसले. मी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून कुकरच्या शिट्टीसकट आवाज आला, “बोला ताई.” मी कोजागिरीचं विचारलं. ते म्हणाले, “कोणत्या सालची?”

यंदाची कोजागिरी मनमाडच्या रेल्वे कॉलनीला दिलेली होती, पुढच्या वर्षीची सटाण्याला. “त्याच्या पुढची मोकळी आहे, धरून ठेवू का?” पार्किंगमध्ये चिवडा चावण्याचाही आवाज येईना.

त्या मुलाचा मला राग आला नाही. तो दिसेल तेवढं जग धरून चालतो, मीही तशीच चालत आले आहे. पेपरात नाव नाही, टीव्हीवर चेहरा नाही, शालिमारला कालिदास कलामंदिरावर फ्लेक्स नाही, म्हणजे माणूस संपला. तो संपलेला माणूस त्या आठवड्यात कुठेकुठे होता, ते त्यांनीच फोनवर सहज सांगितलं: निफाडला एका पतसंस्थेचा वर्धापनदिन, देवळाली कॅम्पात कुणाचीतरी साठीशांत, नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त झालेल्यांचा मेळावा, सकाळी सात वाजता एका हास्यक्लबचा वाढदिवस. सकाळी सातला विनोद सांगणं किती कठीण असेल, याचा विचार करून पाहा. समोरचे लोक आधीच हात वर करून हसलेले असतात, तेही फुकट.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सातपूरला, गणपतीत. माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि आम्ही कामगार वसाहतीत राहत होतो. मांडवात ताडपत्रीचा आणि ओल्या मातीचा वास, वर भोंग्यातून शिट्टी मारणारा माईक, आणि पँटमध्ये शर्ट नीट खोचलेला एक सडपातळ माणूस. दिवसा अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. स्टेजवर आला आणि पहिलंच वाक्य अहिराणीत टाकलं, “काय चाली ऱ्हायनं भो?” निम्मा मांडव आरडाओरडा करत उभा राहिला. सिडको-सातपूरचा मांडव म्हणजे निम्मं खान्देश. श्रावणात खान्देशची देवी कानबाई बसते तेव्हा धुळं कुठे संपलं आणि नाशिक कुठे लागलं ते कळत नाही. उरलेला निम्मा मांडव, म्हणजे आमच्यासारखे, जरा उशिराने हसला. आपल्यावर काही आहे का, ते आधी तपासून.

तेव्हाचा त्यांचा हुकमी किस्सा वाड्याचा होता. नाशकात आले तेव्हा पंचवटीतल्या एका वाड्यात खोली घेतलेली. मालक जुने नाशिककर. जिन्यात चप्पल कशी काढायची तेही सांगणारे. आणि यांची बायको काळा मसाला घालून शेवभाजीला फोडणी द्यायची. पहिल्या दिवशी खालचे शिंकले, दुसऱ्या दिवशी शेजारचे, तिसऱ्या दिवशी म्हणे राममंदिरातल्या पुजाऱ्याने आरती मध्येच थांबवली. शेवटी मालक वर आले, नाकाला उपरणं लावून म्हणाले, “हे पाहा, एकतर भाडं दीडपट करा, नाहीतर फोडणी अर्धी करा.” ते मालकांचं ‘हे पाहा’ इतकं अचूक करायचे, की पंचवटीत वाढलेला माझा नवरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. पुढे प्रत्येक वेळी तोच किस्सा, तिथेच थांबणं, तसंच उपरणं. आणि प्रत्येक वेळी हसणं.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगत होते. ती सेंट लुईसला असते. ती म्हणाली, “मावशी, आमच्याकडे ब्रॅन्सनला एक असाच आहे. चार तासांवर. माझ्या सासू-सासऱ्यांना नेलं होतं तेव्हा रस्ताभर त्याच्या तोंडाचे फलक.” तिने नाव सांगितलं आणि मी रात्री एक वाजेपर्यंत त्याच्या जुन्या कार्यक्रमांचे तुकडे बघत बसले.

याकोव्ह स्मिरनॉफ. खरं आडनाव पोखिस; दारूच्या बाटलीवरचं नाव त्याने नंतर उचललं. १९५१ साली तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या ओदेसात जन्म, ज्या शहरात एक एप्रिलला मिरवणुका निघायच्या. हा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि काळ्या समुद्रातल्या प्रवासी जहाजांवर विनोद सांगायचा. सांगायचे विनोद आधी सरकारी खात्याकडून मंजूर करून आणावे लागत, हे अमेरिकेत सांगितलं की लोक खुर्चीतून पडायचे. आपल्याला त्याचं फार नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाच्या टेबलावरून येते. १९७७ साली आईवडिलांबरोबर हा न्यूयॉर्कला उतरला, इंग्रजी जवळजवळ नाही. न्यूयॉर्कच्या उत्तरेला डोंगरातल्या एका मोठ्या हॉटेलात खरकटी उचलली, मग बारमध्ये दारू ओतली, नोकरांच्या खोल्यांत राहिला. आणि दहा वर्षांच्या आत टीव्हीवर, सिनेमात, बिअरच्या जाहिरातीत. अमेरिकेत तुम्ही केव्हाही पार्टी शोधू शकता, रशियात पार्टीच तुम्हाला शोधून काढते, हा त्याचा विनोद. आज ज्या पोरांना सोव्हिएत युनियन इतिहासाच्या धड्यात भेटतं, तीही इंटरनेटवर त्या साच्यातले विनोद करतात. साचा कुणामुळे घरोघर गेला, हे त्यांच्या गावीही नसतं.

त्याचा दुसरा हुकमी किस्सा वाणसामानाच्या दुकानातला. दुधाची पावडर दिसली, पाणी घाला, दूध तयार. संत्र्याच्या रसाची पावडर, पाणी घाला, रस तयार. पुढच्या फळीवर बेबी पावडर. हा कपाळाला हात लावतो: काय देश आहे! याच वाक्याच्या नावाची एक मालिकाही निघाली, नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणाऱ्या परदेशी माणसांच्या वर्गाची. ती एक हंगाम चालून बंद पडली. हा मात्र त्याच सुमारास, १९८६ मध्ये, खरोखरच नागरिक झाला. १९८८ साली व्हाइट हाऊसच्या पत्रकारांच्या वार्षिक जेवणात, राष्ट्राध्यक्ष रेगन समोर बसलेले असताना, याने कार्यक्रम केला. लेथवरून उठून मांडवात आलेल्या माणसाला त्याच्या कितव्या गणपतीत असं काही मिळालं असतं, देव जाणे.

पण ते तुकडे बघताना मला कुठेतरी अवघडल्यासारखं होत होतं. माणूस चपळ आहे, चेहरा गोड आहे, थांबण्याची वेळ नेमकी आहे. तरी प्रत्येक विनोदाच्या शेवटी तो यजमानाची पाठ थोपटतो. तुमचा देश किती छान, आमचा किती भंगार. प्रेक्षकांच्या हसण्यात जोक कळल्याचा आनंद असतोच, शिवाय आपण योग्य ठिकाणी जन्मलो याचंही समाधान असतं. मला एकदम तो वाडा आठवला. आम्ही मांडवात हसायचो तेव्हा मालकांच्या तिरसटपणाला हसायचो, असं मी इतकी वर्षं धरून चाललेले. आता नीट आठवते तर पहिला मोठा हशा मालक वर येण्याच्या आधीच पडायचा. फोडणीला. त्यांच्या तिखटाला, त्यांच्या बायकोला, धुळ्याला. आधी स्वतःच्या घराला हसू द्यायचं, मग मालकाचं उपरणं काढायचं. बाहेरून आलेल्या माणसाला खोलीचं भाडं एकदा पैशात द्यावं लागतं आणि एकदा असं.

ते भाडं दिल्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही, हे त्या दोघांनाही पहिल्याच दिवशी कळलं असणार.

एक गोष्ट मी त्यांना कधी विचारली नाही. सुरुवातीच्या त्यांच्या कार्यक्रमात एक भैया होता. पान खाऊन बोलणारा, ‘का हो’ म्हणणारा, अंबडच्या गेटवर चहा विकणारा. त्यालाही भरपूर हशा पडायचा, वाड्याइतकाच. जो आधी आला तो नंतर आलेल्याकडून भाडं घेतो, हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. मग २००८ चा फेब्रुवारी आला. परप्रांतीयांना मारहाण झाली, गाड्या फुटल्या, आणि नाशिकरोड स्टेशनवर गाठोडी घेतलेल्या माणसांची रीघ लागली. हजारोंनी लोक उत्तरेकडच्या गाड्यांत चढले. सातपूर-अंबडचे कितीतरी कारखाने हात नाहीत म्हणून अडखळले. त्या वर्षीच्या गणपतीत मी त्यांचा कार्यक्रम ऐकला तेव्हा भैया नव्हता. त्याच्या जागी काही नवीनही नव्हतं. त्या ठिकाणी ते पाणी प्यायले, रुमालाने तोंड पुसलं आणि पुढच्या किश्श्यावर गेले. ज्यांना कार्यक्रम पाठ होता त्यांनाच ते जाणवलं असेल. मागून एकाने ओरडून फर्माइश केली, “भैया होऊ द्या!” यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. स्टेजवर हे फार अवघड असतं. हमखास पडणारा हशा सोडून देणारे कलाकार मी फार पाहिलेले नाहीत.

तिकडे १९८९ साली बर्लिनची भिंत पडली आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियनच उरलं नाही. जगाला आनंद झाला, आणि एका माणसाच्या तासाभराच्या कार्यक्रमातला बहुतेक सगळा मजकूर रद्दीत गेला. ज्या देशाला नावं ठेवून घर चालायचं तो देशच नकाशावरून गेला. आता भाडं कशात द्यायचं? गंमत अशी की त्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्त-कार्यक्रमाने मिसुरी राज्यातल्या ओझार्क टेकड्यांमधल्या ब्रॅन्सन नावाच्या चिमुकल्या गावाची कहाणी दाखवली. वस्ती हजारांत मोजावी एवढीच, आणि एका रस्त्यावर ओळीने थिएटरं. नव्वदच्या दशकात तिथे बसच्या बस भरून निवृत्त माणसं यायला लागली. माजी सैनिक, शेतकरी, चर्चचे गट. सकाळी नाश्ता करून शो, जेवून शो, रात्री शो. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचे लोक या गावाला नाक मुरडतात. याकोव्ह तिथे गेला, पुढे स्वतःच्या नावाचं, दोन हजार खुर्च्यांचं थिएटर चालवायला लागला, आणि वर्षानुवर्षं चालवत राहिला. त्याच रस्त्यावर शोजी ताबुची नावाचा, जपानमधून आलेला फिडलवादक अमेरिकन ग्रामीण संगीत वाजवायचा. त्याच्या थिएटरच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात बिलियर्डचं टेबल होतं आणि लोक ते बघायला तिकीट काढून यायचे. (आपल्या नाट्यगृहांच्या स्वच्छतागृहांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. लेख ललित आहे.)

रशिया गेल्यावर याकोव्ह हळूहळू नवरा-बायकोवर बोलायला लागला. त्याचं स्वतःचं लग्न मोडलं होतं. आधी हसणारी जोडपी पुढे हसायची का थांबतात, हा प्रश्न त्याने इतका मनाला लावून घेतला की पन्नाशीत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, २००६ साली. नंतर, २०१९ मध्ये, पेपरडाईन विद्यापीठातून डॉक्टरेट. कार्यक्रमात आता तो हेच सांगतो, थोडं हसवत, थोडं शिकवत. शिकवण्याचा भाग मला जरा लांबल्यासारखा वाटला, खरं सांगायचं तर. विनोदी माणसाला पदवी मिळाली की तो विनोदाचं कारण सांगायला लागतो. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. यात यजमानाची पाठ थोपटणं कमी झालं होतं. समोर बसलेल्या मिसुरीच्या शेतकऱ्याला तो सांगत होता की तू बायकोचं ऐकत नाहीस. आणि शेतकरी हसत होता, शेजारची बायको त्याहून जास्त. बाहेरून आलेला माणूस घरातलं काढून दाखवतोय आणि त्याला कुणी ‘तुम्ही कुठले?’ म्हणत नाही. एवढं होईपर्यंत टीव्हीचे कॅमेरे केव्हाच निघून गेले होते. ते आले होते भाडं मोजताना.

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्ष झालं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पडलेल्या मनोऱ्यांच्या जागेशेजारच्या इमारतीवर एक प्रचंड भित्तिचित्र लागलं होतं, हृदयाच्या आकाराचं. ते या जुन्या चित्रकला-शिक्षकाचं होतं, आणि सुरुवातीला त्याने त्यावर स्वतःचं नाव झळकू दिलं नव्हतं. फलकांवर ज्याचं तोंड रस्ताभर, त्याने हे करावं, याचा अर्थ मला नीटसा लावता येत नाही. त्याने चित्रात विनोद मात्र केला नाही.

आमच्या गृहस्थांचा वाडाही मध्यंतरी पडला. म्हणजे पाडला. तिथे आता पाच मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान, वर क्लास. मालक गेले, त्यांची मुलं पुण्याला. काळा मसाला आता कॉलेज रोडच्या हॉटेलांत जास्त पैसे देऊन खातात. शेवभाजीला कुणी शिंकत नाही. मग कोजागिरीची तारीख मिळाली नाही म्हणून मी त्यांना ऐकायला मुद्दाम सिडकोत गेले, ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये. दुपारी चारची वेळ. पंख्यांची घरघर, बाम आणि मोगऱ्याचा मिसळलेला वास, भिंतीवर सभासदांच्या वाढदिवसांची यादी. ते स्टेजवर चढलेच नाहीत. खुर्ची मागितली, पहिल्या रांगेसमोर बसले, उजवा गुडघा हाताने उचलून डाव्यावर ठेवला आणि म्हणाले, “हा माझा नाही, हा मेडिक्लेमचा आहे.” पुढचा तासभर गुडघा, सून, नातवाचा इंग्लिश मीडियमचा गृहपाठ, आणि मुलगा आईबापांना घरात सीसीटीव्हीवरून कसा बघतो ते. “आम्ही देवासारखे झालो. तो फक्त दर्शन घेतो.” शेजारच्या आजी हसताहसता माझ्या दंडाला चिमटे काढत होत्या. त्यांची मुलगी कॅनडात, हे त्यांनी चहाच्या वेळी सांगितलं. अहिराणी मध्येच यायची आणि जायची, कुणी उठून ओरडत नव्हतं, कुणी उशिरा हसत नव्हतं.

शेवटी कुणीतरी वाड्याची फर्माइश केली. ती त्यांनी घेतली, पण वेगळी करून. शिंकणारे, पुजारी, आरती, सगळं गाळलं. फक्त मालक एकटे वर येतात, दार वाजवतात, उपरणं नाकाला नाही, हातात. “हे पाहा,” म्हणतात, “आमच्या हिची तब्येत बरी नाही. तोंडाला चव नाही म्हणते. थोडी भाजी मिळेल का?” हे खरं घडलेलं की आता रचलेलं, मी चहा घेताना विचारलं. ते बशीत चहा ओतत होते. “ताई, दोन्ही वेळा वाडा माझाच होता,” म्हणाले आणि पाकीट मोजायला बाजूला गेले. मोजलं, दोनदा. उगाच साधुसंतासारखं रंगवायला नको: माणूस मानधनाला पक्का आहे, प्रवासखर्च वेगळा घेतो, आणि आपल्याला कुणी टीव्हीवर बोलावलं नाही याचा सल त्याला आहे. तिथल्या पोरांची नावं घेताना ओठ थोडा वाकडा होतोच.

भाचीला मी हेही सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “मावशी, माझाही एक किस्सा आहे ना ठरलेला.” मला माहीत नव्हतं. ऑफिसातल्या जेवणावळीत तिला दर वेळी तिच्या लग्नाची गोष्ट सांगायला लावतात. कांदेपोहे, मुलगा पाहणं, पत्रिका, आणि गंगापूर रोडवर साखरपुड्याच्या मांडवात शिरलेली गाय. गाय शिरली नव्हती. ती तिने पहिल्या वर्षी घातली. तेव्हापासून गाय काढता येत नाही. ग्रीनकार्डच्या रांगेत ती याकोव्हला नागरिक व्हायला लागली त्याहून जास्त वर्षं उभी आहे आणि भारतीयांची ती रांग कशी सरकते ते घरोघरी ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा जेवणावळ होती. गाय येऊ दे, म्हणून आग्रह झाला. तिने त्याऐवजी त्यांच्याच वसाहतीच्या कमिटीचा किस्सा सांगितला: अंगणातलं गवत ठरलेल्या उंचीपेक्षा थोडं वाढलं म्हणून तिला लेखी नोटीस आली, आणि ती घेऊन आलेले सद्गृहस्थ गुडघ्यावर बसून पट्टीने गवत मोजत होते. तिने त्यांची नक्कलही करून दाखवली म्हणे.

“मग? हसले का?”

“दोघं हसले,” ती म्हणाली. “बाकीच्यांनी गवत किती वाढलं होतं ते विचारलं.”